चार्टर प्राथमिक शाळेची घसरलेली गुणवत्ता : तिसरीचा निकाल आणि पहिली-दुसरीचे वर्ग

अबोली

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका चार्टर प्राथमिक शाळेच्या संचालक मंडळावर मी पालक प्रतिनिधी म्हणून काम करते. शाळा किंडरगार्टनपासून पाचवीपर्यंत आहे. शाळेचे नाव येथे देत नाही, कारण त्यात लहान मुलांचा आणि अतिशय कष्टाळू शिक्षकांचा प्रश्न गुंतलेला आहे. राज्याच्या श्रेणीपत्रकात आमच्या शाळेला सलग दुसऱ्यांदा 'डी' श्रेणी मिळाली आहे आणि वार्षिक प्रगतीच्या रकान्यात 'अपेक्षित प्रगती झाली नाही' असा शेरा आहे. त्यामुळे राज्याच्या व्याख्येनुसार शाळा 'कमी कामगिरीची' ठरली असून आम्हाला सुधारणेचा आराखडा सादर करावा लागणार आहे.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढते. मात्र तिचा कारभार स्थानिक शिक्षण मंडळाकडे नसून स्वतंत्र संचालक मंडळाकडे असतो. अमेरिकेत असा पहिला कायदा मिनेसोटाने 1991 मध्ये केला आणि आमच्या राज्याने 1996 मध्ये. राज्यात शंभरच शाळा असाव्यात ही मर्यादा 2011 मध्ये उठली, आणि 2023 पासून मान्यता देणे, तिचे नूतनीकरण करणे किंवा ती काढून घेणे हे अधिकार चार्टर शाळा पुनर्विलोकन मंडळाकडे आले आहेत. म्हणजे आमचा आराखडा फसला तर करार नूतनीकरणाच्या वेळी शाळेचे अस्तित्वच पणाला लागेल.

मागील बैठकीत असा प्रस्ताव आला की तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी शनिवारी वार्षिक परीक्षेचे सराव वर्ग घ्यावेत आणि त्यांत विशेषतः उत्तीर्णतेच्या काठावर असलेल्या मुलांवर लक्ष केंद्रित करावे. बहुतेक सदस्यांना तो पटला. मला तो पटलेला नाही, कारण तिसरीत जी मुले मागे दिसतात ती तिसरीत मागे पडलेली नसतात असे मला वाटते. परंतु हे बैठकीत ठामपणे मांडायचे तर मुद्दे पक्के हवेत. येथे शिक्षणक्षेत्रात काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढला आहे.

आकडेमोड

अबोलीताई, प्रथम श्रेणी कशी काढतात ते मंडळासमोर स्पष्ट मांडा, कारण 'डी' हे अक्षर पाहून लोक घाबरतात आणि घाईने निर्णय घेतात. नॉर्थ कॅरोलायनात शाळेच्या गुणांपैकी 80 टक्के वाटा किती मुले वार्षिक परीक्षेत पात्रतेच्या पातळीवर आहेत याचा असतो आणि केवळ 20 टक्के वाटा मुलांनी वर्षभरात किती प्रगती केली याचा असतो. 85 आणि त्यापुढे 'ए', 70 पासून 'बी', 55 पासून 'सी', 40 पासून 'डी' आणि त्याखाली 'एफ'.

कल्पना करा की एका शाळेत फक्त 35 टक्के मुले पात्र आहेत, पण प्रगतीचे गुण 85 आहेत, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. तिचे एकूण गुण 28 अधिक 17 असे 45 होतात आणि तिला 'डी' मिळते. दुसऱ्या शाळेत 88 टक्के मुले पात्र आहेत, पण प्रगतीचे गुण 62 आहेत, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी. तिचे गुण जवळपास 83 होतात आणि तिला 'बी' मिळते. पहिल्या शाळेतले शिक्षक मुलांना वर्षभरात पुढे नेत आहेत. दुसऱ्या शाळेत घरून तयार होऊन आलेली मुले आहेत आणि शाळा त्यात फारशी भर घालत नाही. घराचे उत्पन्न आणि परीक्षेचे गुण यांचा संबंध इतका घट्ट आहे की हे सूत्र बऱ्याच अंशी शाळेत कोणत्या घरची मुले येतात तेच मोजते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि तुमच्या बाबतीत हा युक्तिवाद ढाल म्हणून वापरता येणार नाही. 'डी' किंवा 'एफ' असूनही प्रगती अपेक्षेपेक्षा जास्त असेल, तर शाळा कमी कामगिरीची ठरत नाही. तुमची प्रगतीच अपेक्षेखाली आहे. प्रगतीच्या हिशेबात मुलाच्या आजच्या गुणांची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी होते, त्यामुळे 'आमच्याकडे येणारी मुलेच कच्ची असतात' हे उत्तर तेथे पुरत नाही. मंडळाने अक्षर बाजूला ठेवून या रकान्याची काळजी करावी, आणि तो रकाना इयत्तेनुसार, विषयानुसार आणि शिक्षकानुसार मुख्याध्यापकांकडून मागवावा.

दीपस्तंभ

माझे मत थोडे कठोर आहे. चार्टर शाळांना नियमांतून सूट मिळते ती निकालांच्या बदल्यात. आमच्याच राज्यात चार्टर शाळेतील निम्म्याच शिक्षकांकडे परवाना असला तरी चालतो, आणि बस किंवा जेवण इतर सरकारी शाळांप्रमाणे पुरवलेच पाहिजे असे बंधन नाही. एवढे स्वातंत्र्य घेऊनही मुले शिकत नसतील तर ती शाळा बंद करणे हाच मूळ करार आहे. टेक्ससमध्ये 2013 च्या कायद्यानुसार सलग तीन वर्षे नापास ठरलेल्या चार्टर शाळेची मान्यता काढून घेतली जाते. फ्लोरिडात सलग दोन 'एफ' मिळाले तर करार आपोआप संपतो, थोडे अपवाद सोडून. एका शाळेवरच्या मायेपोटी मुलांची आणखी वर्षे वाया घालवणे मला योग्य वाटत नाही.

मावळतीकर

दीपस्तंभ, तत्त्व म्हणून तुमचे म्हणणे मान्य आहे. परंतु शाळा बंद झाल्यावर मुले कुठे जातात, हा प्रश्न सुटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने 2017 मध्ये 26 राज्यांतील बंद पडलेल्या कमकुवत शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात विस्थापित मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमीच मुले आधीपेक्षा चांगल्या शाळेत पोहोचली होती. उरलेल्यांची केवळ इमारत बदलली, आणि ओळखीचे शिक्षक सुटले ते वेगळेच.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. टेनेसीने सर्वात खालच्या पाच टक्के शाळा ताब्यात घेऊन, त्यांतील बहुतेक चार्टर संस्थांना चालवायला देऊन, पाच वर्षांत त्यांना वरच्या 25 टक्क्यांत नेण्याचे वचन दिले होते. पहिल्या शाळा 2012 मध्ये घेतल्या गेल्या. ते वचन पूर्ण झाले नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांना मुलांच्या गुणांवर ठळक परिणाम आढळला नाही. त्यामुळे 'चार्टर की सरकारी' हा वाद मला या धाग्यावर निष्फळ वाटतो. क्रेडोच्याच 2009 च्या राष्ट्रीय अहवालात गणितात 17 टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, 37 टक्के कमी आणि उरलेल्या साधारण सारख्या निघाल्या होत्या. 2023 च्या अहवालात चार्टरचे सरासरी चित्र सुधारून थोडे पुढे गेलेले दिसते. पाटीवर 'चार्टर' लिहिले आहे एवढ्यावरून आतले शिकवणे कसे आहे ते कळत नाही. अबोलीताईंनी वर्गाबद्दल विचारले आहे, त्याबद्दल बोलावे.

केवडा

अबोलीताई, मी शार्लटमध्ये एका सरकारी शाळेत दुसरीला शिकवते आणि त्याआधी काही काळ एका चार्टर शाळेत होते. तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि ते मंडळाला प्रत्यक्ष दाखवता येते.

माझ्याकडे अर्ध्या वर्षात दुसऱ्या शाळेतून आलेला एक मुलगा चित्रांच्या पुस्तकातून मोठ्याने 'वाचायचा'. पानावर घोड्याचे चित्र होते आणि खाली 'पोनी' हा शब्द छापलेला होता. त्याने सहज 'हॉर्स' म्हटले आणि पुढे गेला. वाक्याचा अर्थ बिघडला नाही, म्हणून आधीच्या वर्गात त्याला शाबासकी मिळत असणार. मी तेच वाक्य कोऱ्या कागदावर लिहून दिले, चित्राशिवाय. तो 'पी' या अक्षरापाशी थांबला, माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला, मग 'प्लीज', 'पार्क', 'पीपल' असे अंदाज करत गेला. चार अक्षरांचा शब्द डावीकडून उजवीकडे आवाज जोडत वाचायचा असतो, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. पहिलीच्या पुस्तकात चित्र साथ देते. तिसरीच्या परीक्षेतल्या उताऱ्याला चित्रांचा आधार नसतो आणि शब्द नवे असतात. तेथे असे मूल एकदम कोसळते, आणि सगळे म्हणतात की तिसरीत काहीतरी बिघडले.

चित्र पाहा, पहिले अक्षर पाहा, अर्थ काय बसेल याचा अंदाज करा, असे शिकवण्याची पद्धत अमेरिकेत कित्येक वर्षे रूढ होती. अमेरिकन काँग्रेसच्या सांगण्यावरून नेमलेल्या राष्ट्रीय वाचन समितीने 2000 सालीच सांगितले होते की ध्वनी आणि अक्षरांचा संबंध क्रमाने, स्पष्टपणे शिकवल्याने लहान मुलांचे वाचन सुधारते. आमच्या राज्याने 2021 च्या कायद्याने सरकारी शाळांतील प्राथमिक शिक्षकांना या पद्धतीचे दीर्घ प्रशिक्षण सक्तीचे केले. तुमच्या शाळेत पहिली-दुसरीच्या किती शिक्षकांनी ते घेतले आहे, आणि घेतले असल्यास वर्गात अजूनही जुनीच अंदाजाची पुस्तके वापरात आहेत का, हे आधी पाहा. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिकेच्या हाती जुने साहित्य दिले तर फार काही बदलत नाही.

मोजमापासाठी वार्षिक परीक्षेची वाट पाहू नका. आमच्या राज्यातील बहुतेक शाळांत किंडरगार्टनपासून तिसरीपर्यंत वर्षातून तीनदा डिबेल्स पद्धतीची छोटी वाचन चाचणी होते. त्यात एक भाग निरर्थक शब्दांचा असतो. मुलाने कधीही न पाहिलेले, ज्याला अर्थच नाही असे तीन अक्षरांचे शब्द वाचायचे. पालकांना हा भाग विचित्र वाटतो, पण तोच सर्वात प्रामाणिक आहे, कारण पाठांतर आणि अंदाज तेथे कामाला येत नाहीत. पुढे मिनिटाला किती शब्द अचूक वाचता येतात ते मोजतात. दुसरीच्या अखेरीस मधल्या पातळीचे मूल साधारण 100 शब्द वाचते. जे मूल 40 वर आहे, ते वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते. त्याला शनिवारी चार पर्यायांतून उत्तर कसे निवडायचे ते शिकवून काय साधणार?

रानवाटा

केवडाताई, तुमचे म्हणणे पटते, पण एक शंका आहे. आमच्या भागातील अशा शाळेत बरीच मुले घरी स्पॅनिश बोलणारी आहेत. ती आवाज जोडून वाचू लागतात, पण वाचलेले समजत नाही. केवळ ध्वनी शिकवून हा प्रश्न सुटेल का?

केवडा

सुटणार नाही, आणि असे कोणी म्हणत असेल तर सावध राहा. 1986 मध्ये गफ आणि टन्मर यांनी मांडलेली साधी कल्पना आजही उपयोगी आहे. वाचन म्हणजे शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. यात बेरीज नसून गुणाकार आहे. कोणतीही एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. आपल्या मुलांचेही पाहा ना. मराठी घरातील अनेक मुले बाराखडी शिकल्यावर कोणताही मराठी उतारा घडाघडा वाचतात, पण 'ओसरी' किंवा 'मळणी' म्हणजे काय हे विचारले की गप्प होतात. इंग्रजीत नव्याने आलेल्या मुलांना ध्वनींच्या बरोबरीने रोज मोठ्याने वाचून दाखवणे, त्यावर बोलते करणे आणि विज्ञान-समाजशास्त्राचे खरे विषय शिकवणे आवश्यक आहे. दुर्दैवाने निकाल घसरले की शाळा सर्वात आधी विज्ञान आणि समाजशास्त्राच्या तासांना कात्री लावतात आणि तो वेळ सरावपत्रिकांना देतात. ज्यातून शब्दसंग्रह वाढतो तेच बंद होते. माझ्या मते कमकुवत शाळा आपले सर्वात मोठे नुकसान येथे स्वतःच्या हाताने करून घेते.

मावळतीकर

मिसिसिपीचे उदाहरण मंडळासमोर अवश्य ठेवा. 2013 मध्ये त्या राज्याचे चौथीचे सरासरी वाचन गुण राष्ट्रीय मूल्यमापन चाचणीत 209 होते आणि ते देशाच्या तळाशी होते. त्याच वर्षी त्यांनी कायदा केला, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, कमकुवत शाळांत वाचन-मार्गदर्शक पाठवले आणि बालवर्गापासून चाचण्या लावल्या. 2024 मध्ये ते 219 वर होते आणि देशभरच्या सरकारी शाळांची सरासरी 214 होती. हे अमेरिकेतील सर्वात गरीब राज्यांपैकी एक आहे. तिसरीत न वाचणाऱ्या मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे आणि तिच्यामुळे गुण किती वाढले यावर वाद आहे. तो वाद तुम्ही टाळू नका, कारण कोणीतरी विचारेलच. पण शिकवणे बदलले, हे कोणी नाकारत नाही. आणि हे एका वर्षात झालेले नाही.

दीपस्तंभ

मिसिसिपीचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र राज्य सरकारकडे पैसा आणि अधिकार असतो. एका एकट्या चार्टर शाळेकडे वाचन-मार्गदर्शक कुठून येणार? आमच्या राज्यात चार्टर शाळांना इमारतीसाठी राज्याकडून वेगळा निधी मिळत नाही. भाडे शिकवण्याच्याच पैशातून जाते. शिवाय करोनाकाळातील केंद्रीय मदतीची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली.

अबोली

आपण अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. आमचे भाडे खरोखरच जास्त आहे आणि त्या मदतीतून नेमलेल्या दोन सहायक शिक्षिका आता नाहीत. शिवाय गेल्या वर्षी पहिलीच्या एका वर्गाला नोव्हेंबरनंतर कायम शिक्षिकाच नव्हती. एकापाठोपाठ एक बदली शिक्षक येत राहिले. त्या वर्गातील मुले आता दुसरीत आहेत. आकडेमोड यांनी सुचवल्याप्रमाणे मी आकडे मागवले, तेव्हा शरद ऋतूतील चाचणीत सर्वाधिक मागे असलेली मुले बहुतांशी त्याच वर्गातली निघाली. ही मुले पुढच्या वर्षी तिसरीत जातील आणि त्यांचे गुण कोसळले की तिसरीच्या शिक्षिकेला जबाबदार धरले जाईल.

आकडेमोड

अबोलीताई, ही माहिती सोन्यासारखी आहे. त्यात उपस्थितीचा रकाना जोडा. एकूण दिवसांपैकी 10 टक्के किंवा अधिक दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाला सतत गैरहजर मानतात. 180 दिवसांच्या वर्षात हे 18 दिवस होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. देशभरात हे प्रमाण महासाथीपूर्वी साधारण 15 टक्के होते आणि 2022 मध्ये 28 टक्क्यांच्या आसपास पोहोचले. तुमच्या शाळेची बस नसेल, तर एकच गाडी असलेल्या घरात गाडी बिघडली की तीन भावंडांचा दिवस बुडतो. ध्वनींचा क्रम असलेल्या अभ्यासक्रमात दोन दिवस बुडाले की पुढचा धडा अधांतरी राहतो.

पुण्याहून_वाचक

थोडे विषयाजवळचे सांगतो. 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत तिसरी-चौथीतील मागे राहिलेल्या मुलांना दिवसातील काही तास वेगळे बसवून, स्थानिक मुलींना 'बालसखी' म्हणून नेमून पायाभूत वाचन व अंकज्ञान शिकवले गेले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा प्रयोगबद्ध अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला आणि मुलांचे गुण लक्षणीय वाढल्याचे दाखवले. त्या मुली पदवीधर शिक्षिका नव्हत्या. त्यांना आटोपशीर प्रशिक्षण होते, ठरलेले साहित्य होते आणि मूल जेथे आहे तेथून सुरुवात करण्याची मुभा होती. तेव्हा महागडा तज्ज्ञ नेमता येत नसेल तर काहीच करता येणार नाही, असे समजू नये.

केवडा

हे येथेही लागू पडते. तीन-चार मुलांचा गट, आठवड्यातून किमान तीन वेळा, अर्धा तास, शाळेच्या वेळेतच, आणि शक्यतो तीच व्यक्ती. शनिवारच्या वर्गांना ज्यांना गरज आहे ती मुले येतच नाहीत. ज्यांच्या घरी आणून सोडायला कोणी आहे ती येतात. गट वाचनाच्या पातळीवरून पाडा, इयत्तेवरून नको, आणि दर सहा-आठ आठवड्यांनी ते बदला, नाहीतर मुलांवर कायमचा शिक्का बसतो. काठावरच्या मुलांपुरता हा उपक्रम ठेवू नका. काठावरची मुले पुढे सरकली की श्रेणी सुधारते हे खरे, पण सर्वात तळातल्या मुलाला जाणूनबुजून सोडून देणे कोणत्याही शाळेला शोभत नाही, आणि प्रगतीच्या हिशेबात तेही मूल मोजले जातेच.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. येत्या बैठकीत मी शनिवारच्या वर्गांना विरोध नोंदवून त्याऐवजी पुढील प्रस्ताव मांडणार आहे. तो पैसा दुसरीच्या त्या मुलांसाठी शाळेच्या वेळेतील वाचनगटांना द्यावा, आणि त्यासाठी जवळच्या महाविद्यालयातील शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थिनींना मानधनावर घ्यावे. अंदाजाची जुनी पुस्तके पहिलीच्या वर्गांतून काढावीत. विज्ञानाचा तास कोणत्याही कारणाने रद्द होऊ नये. मुख्याध्यापकांनी जानेवारीतील चाचणीचे निकाल आणि गैरहजेरी वर्गनिहाय मंडळासमोर ठेवावी, आणि कोणत्याही वर्गाला दोन आठवड्यांहून अधिक काळ कायम शिक्षक नसेल तर ते त्याच वेळी कळवावे. गाडीच्या प्रश्नासाठी दोन वसाहतींतून भाड्याची व्हॅन सुरू करण्याचा खर्च मी काढते आहे.

दीपस्तंभ, आपल्या मुद्द्याचाही त्यात समावेश करते आहे. दोन वर्षांत दुसरीच्या मुलांचे वाचन ठरवलेल्या पातळीला पोहोचले नाही, तर शाळा दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्याचा विचार मंडळ स्वतःहून करील, असे आराखड्यातच लिहावे.

दीपस्तंभ

असे लेखी असेल तर माझा पाठिंबा आहे. ती पातळी कोणती, हे मात्र आत्ताच आकड्यात लिहा आणि नंतर बदलू देऊ नका.

केवडा

आणि तो आकडा सरासरीचा नसावा, अबोलीताई. सरासरी चार हुशार मुलांमुळेही वाढते. दुसरीतील किती मुले अजून ठरलेल्या पातळीखाली आहेत, ती संख्या दर बैठकीत मागा. मंडळाने एकदा दुसरीच्या वाचनगटात अर्धा तास बसावे असेही सुचवा. मुख्याध्यापक हरकत घेणार नाहीत. पुस्तके निवडताना मदत लागली तर मला निरोप करा, आमच्या शाळेत कोणती वापरतो त्याची यादी पाठवते.